काचेबाहेरचं बाक

सगळं इस्पितळ तिला भिंगरी म्हणायचं आणि तिची त्याला काही हरकत नव्हती. एकदा तर मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पाहुण्यांसमोर "या आमच्या भिंगरीताई" अशी ओळख करून दिली आणि मग स्वतःच जीभ चावली. पाहुणे हसून वळेपर्यंत भिंगरी जिन्यात पोचलीसुद्धा होती. पन्नाशी उलटलेली, किडकिडीत बाई. लिफ्टची वाट बघणं तिला कधी जमलं नाही. लिफ्ट येईपर्यंत आपण दोनदा वर जाऊन येतो, असं ती म्हणायची, आणि खरंच जाऊन यायची.

गंमत अशी की तिला पगार मिळायचा तो बसण्याचा. वेळेआधी जन्मलेली, मुठीत मावतील एवढी, श्वासासाठी झगडणारी बाळं या इस्पितळात काचेच्या पेट्यांमध्ये ठेवत. त्या सगळ्या विभागालाच लोक 'काच' म्हणत. बाळ कुठंय विचारलं आणि "काचेत आहे" असं उत्तर आलं, की पुढे कुणी काही विचारत नसे. त्या बाळांच्या आईबापांजवळ बसायचं, आतल्या यंत्रांची भीती घालवायची, डॉक्टर जे भराभर बोलून गेले ते सावकाश पुन्हा सांगायचं आणि कुणाला रडायचं असेल तर खुशाल रडू द्यायचं, एवढ्यासाठी तिला ठेवलेलं. आणि ही बाई बसायचीच नाही. आई खुर्चीत, तर ही उभी. बाप भिंतीला टेकलेला, तर ही त्याच्या समोरून येरझारा घालतेय. बोलता बोलता पडदा सारखा करील, पाण्याची बाटली भरून आणील, कुणाची चप्पल उलटी पडली असेल तर सुलटी करील.

"ताई, तुम्ही बसलात तर मला जरा बरं वाटेल," एक बाप शेवटी तिला म्हणाला.

"मी बसले तर मला बरं वाटणार नाही. मग तुम्हालाच माझी समजूत काढत बसावं लागेल. घेताय का ते काम?"

त्या माणसाला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी हसला असेल बिचारा. 'धीर धरा, सगळं ठीक होईल' असलं गुळगुळीत बोलणाऱ्यांचा भिंगरीला भारी राग. ठीक होईल हे तुम्हाला कुणी येऊन सांगितलं, असं ती नातेवाइकांना तोंडावर विचारायची. तिच्याविरुद्ध तक्रारी गेल्या त्या सगळ्या नातेवाइकांच्या. आईबापांची एकही नाही.

काचेच्या दाराबाहेर एक बाक होतं. लांबलचक, लाकडी, माणसं बसून बसून गुळगुळीत झालेलं. भिंगरी त्या बाकाला वळसा घालून जायची. इमारतीला नवा रंग लागला, खुर्च्या नव्या आल्या, पण ते बाक काही कुणी हलवलं नाही. तिने दोनदा सुचवून पाहिलं होतं.

कारण लपवण्यासारखं नव्हतं, पण ती सहसा सांगत नसे. ती बिस्किटांच्या कारखान्यात पुडे बांधायला होती, नवीन लग्न झालेलं, तेव्हाची गोष्ट. तिचा मुलगा याच काचेत होता. त्या काळी आईबापांना आत सोडत नसत. "बाहेर बसा, काही झालं तर बोलावू," असं तिला सांगितलं आणि ती बसली. शहाण्या मुलीसारखी बसली. आपण पाणी प्यायला गेलो आणि नेमकं तेव्हाच बोलावलं तर काय, म्हणून पाणीसुद्धा प्यायली नाही. पण बोलावलं कुणी नाही. दार उघडलं ते सगळं आटोपल्यावर. दारातली सिस्टर म्हणाली, "बाई, या आता." तो 'आता' तिच्या कानातून आजवर निघालेला नाही. पुढे नवरा-बायकोचं धड जमलं नाही, दुसरं मूल झालं नाही, कारखाना बंद पडला. आईबापांना आत सोडायचं आणि त्यांच्या सोबतीला माणूस ठेवायचं असं इस्पितळाने ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी अर्ज केला तो हिने. मुलाखतीतही ती उभीच होती म्हणे.

तिची एक पद्धत होती. पद्धत तशी पुष्कळ ठिकाणी आहे, पण हिचा तिच्यावर फार जीव. हातरुमालाएवढे मऊ सुती कापडाचे दोन तुकडे घ्यायचे. एक बाळाच्या डोक्याशी पेटीत, एक आईच्या छातीशी. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. म्हणजे बाळाला आईचा वास मिळतो आणि आईला बाळाचा. बाप लोक आधी हसायचे आणि मग भिंतीकडे तोंड करून हळूच हुंगायचे. असं हुंगताना सापडलेल्या बापाकडे भिंगरी अजिबात बघायची नाही.

तर त्या दिवसांत वरच्या मजल्यावर एक मुलगी होती. चष्म्याच्या दुकानात कामाला, पहिलटकरीण. बाळंतपण फार आधी झालं, पोट फाडून करावं लागलं आणि वर ताप चढला तो उतरेना. ताप असलेल्या माणसाला काचेत पाऊल टाकता येत नाही. नवरा मालवाहू बोटीवर, भर समुद्रात. फोन लागला तर लागला. तो निघतो म्हणाला, पण समुद्रातून निघायचं म्हणजे काय रिक्षा थांबवायची आहे? सोबतीला होती ती सासू. तिने जन्मभर लाँड्री चालवलेली, त्यामुळे सगळे तिला लाँड्रीवाल्या आजी म्हणू लागले. शर्टावरच्या डागावरून माणूस काल काय जेवला ते सांगणारी बाई. सासू-सुनेची ओळख म्हणाल तर जेमतेम. लग्नानंतर जोडपं दुसऱ्या गावी राहिलं, फोनवर "जेवलीस का" आणि "हो आई" एवढंच काय ते बोलणं. आता एकाच खोलीत दोघी, आणि बोलायचं काय ते दोघींनाही ठाऊक नाही.

सुनेने लेकीचा एक लालसर तळपाय तेवढा पाहिला होता, तोही घाईघाईने नेताना. भिंगरीने फोनवर फोटो काढून नेले, तर तिने फोन पालथा घातला.

"ही कुणाचीही असू शकते," ती म्हणाली.

दूध काढायच्या यंत्रात थेंब-दोन थेंब यायचे आणि थांबायचे. भिंगरी मजले चढायची, उतरायची. मॅडमचं आज बरं चाललंय, मॅडमने आज सिस्टरच्या हाताला लाथ मारली, असं काहीबाही सांगायची. काचेतल्या मुलांना ती साहेब म्हणायची आणि मुलींना मॅडम. सून छताकडे बघत ऐकायची. कापड तिने उशीखाली सारलं होतं.

एके सकाळी भिंगरी आत शिरली तर सून कापडात तोंड खुपसून पडलेली. भिंगरीला वाटलं रडतेय. पण तिने मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं.

"ताई, हिला वास आहे."

"कसला?"

"काय माहीत. कोमट."

आणि त्या दिवशी दूध आलं. ती छोटीशी बाटली दोन्ही हातांत धरून भिंगरी जिना उतरली आणि आयुष्यात पहिल्यांदा सावकाश उतरली.

दुसऱ्या दिवशी मात्र घोटाळा झाला. भिंगरी वर गेली तर लाँड्रीवाल्या आजी हसतमुखाने उभ्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत ते कापड. पांढरंशुभ्र, कडक इस्त्रीचं, कोपऱ्याला कोपरा लावून चौघडी घातलेलं.

"केवढं पिवळट झालं होतं हो! औषधाचा वास, दुधाचा डाग. पोरगी तशीच तोंडाशी घेऊन झोपलेली. म्हटलं नातीचं कापड आहे, असं कसं चालेल? घरी नेलं, उकळलं, दोनदा खळबळलं, इस्त्री मारली. घे गं सूनबाई."

सुनेने पिशवी उघडली, कापड नाकाशी नेलं. साबणाचा वास. तिने कापड पिशवीवर ठेवलं आणि भिंतीकडे वळून झोपली. आजी हसत होत्या ते हसू तसंच तोंडावर राहून गेलं.

"थांबा, दुसरं आणते पेटीतलं. ही गेले आणि ही आले," असं म्हणत भिंगरी पळाली. जिन्याच्या पायऱ्या पायांखाली आल्या की नाही कुणास ठाऊक. पण काचेच्या दारात मोठ्या सिस्टरांनी तिला अडवलं. बाळाचं पहाटेपासून बिनसलं होतं. जंतूंचा संसर्ग असावा, श्वासाला यंत्र लावलंय. पेटीतलं कापड टाकून दिलंय, आणि रिपोर्ट येईपर्यंत तिथून काही बाहेर जाणार नाही आणि बाहेरचं न उकळलेलं काही आत येणार नाही.

आता हे वर जाऊन कसं सांगायचं? सांगितलं तर खरं. मुलीने भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. दूध काढायचं यंत्र तिने पायानेच दूर सारलं.

"ती माझी नव्हतीच," एवढंच म्हणाली.

आजी बाहेर येऊन व्हरांड्यात उभ्या राहिल्या. पिशवी छातीशी. "माझं काय चुकलं ते तरी सांगा," त्या म्हणाल्या. भिंगरीने सांगितलं. त्या वासासाठीच ते कापड होतं, हे कळल्यावर आजींचा चेहरा पडला.

"मला कुणी सांगितलंच नाही हो."

आणि ते खरं होतं. भिंगरीने सुनेला सगळं नीट समजावलं तेव्हा आजी खाली चहा आणायला गेल्या होत्या. त्या परत आल्या तोवर भिंगरी जिन्यात होती. घटकाभर थांबली असती, कापडाबद्दल दोन शब्द बोलली असती, तर हे झालं नसतं. चूक आजींची नव्हती. भिंगरीच्या ते मनाला लागलं, चांगलंच लागलं.

"जन्मभर लोकांच्या कपड्यांतले वास घालवले मी," आजी म्हणाल्या. "तोच माझा धंदा. आता हा एक गेला तो कुठून आणू?"

तो सगळा दिवस भिंगरीने खाली-वर करण्यात घालवला. खाली बाळाचं तेच, वर आईचं तेच. काचेत यंत्र वाजलं की ती धावायची, वर शांतता असली की त्याहून जास्त. इतर आईबापांशी बोलताना ती मध्येच वाक्य सोडून चालू लागायची. एका आईने तर तिलाच पाणी आणून दिलं.

सकाळी सुनेचा ताप उतरलेला होता. डॉक्टरीणबाई येऊन म्हणाल्या, आता तुम्हाला खाली जाता येईल, आणि जा, आजच जा. बाळ फार दमलंय, पुढचं काही सांगता येत नाही. डॉक्टरीणबाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि म्हणूनच भिंगरीचं त्यांच्याशी पटायचं.

"मी जाणार नाही," सून म्हणाली.

भिंगरी पलंगाभोवती फिरू लागली. फिरता फिरता बोलू लागली. यंत्र कसं दिसतं, नळ्या कुठे लावल्यात, हात कुठून आत घालायचा, हात कसा ठेवायचा, बाळाला तुझा आवाज कसा ओळखू येईल. पडदा सारला, पुन्हा ओढला. तांब्या इकडचा तिकडे ठेवला.

"ताई, एका जागी थांबा हो! गरगरतंय मला!"

भिंगरी थांबली. हातात तांब्याचं झाकण होतं, ते तसंच राहिलं.

"मी तिला बघितलं आणि ती गेली, तर?" मुलगी म्हणाली. "नाही बघितलं तर विसरता तरी येईल. तुम्हाला नाही कळणार ते."

"मी नाही बघितलं माझ्या मुलाला," भिंगरी म्हणाली. "जिवंत असताना नाही. बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं मला. विसरले नाही गं मी. जे बघितलं नाही तेच रोज आठवतं. त्याचे डोळे कसे होते ते अजून ठरवता येत नाही मला."

मग दारातून आजींचा आवाज आला. त्या कधीच्या तिथे उभ्या होत्या.

"सूनबाई, वास मी घालवला. तो काही मला परत आणता यायचा नाही. पण ज्या पोरीचा तो होता ती खाली आहे, अजून आहे. चल. मी येते बरोबर."

"तुम्ही याल, आई?"

"मग काय इथे बसून चादरी मोजू?"

रडता रडताच मुलीने पाय पलंगाखाली सोडले.

काचेच्या दाराशी हात धुवायची जागा. आजींनी कोपरापर्यंत हात असे घासले, की सिस्टरला म्हणावं लागलं, "पुरे आजी, कातडी निघेल." आत आईबरोबर एकालाच सोडतात. बाप नसेल तर भिंगरी जायची, हे इतकं ठरलेलं होतं की आत घालायचा झगा तिने हातात घेतलासुद्धा. मग तिचं लक्ष गेलं. सुनेने सासूचं बोट घट्ट धरलं होतं, लहान मुलं धरतात तसं. भिंगरीने झगा आजींच्या अंगावर चढवला आणि पाठीमागच्या नाड्या बांधल्या.

"हे धरा जरा," म्हणून आजींनी तिच्या हातात पिशवी दिली. तीच प्लॅस्टिकची पिशवी नव्हे, दुसरी, तोंड पक्कं चिकटवलेली. रात्रभर चैन पडेना म्हणून त्यांनी ते कापड पुन्हा उकळलं होतं, पुन्हा इस्त्री केली होती. दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नव्हतं.

दार लागता लागता सुनेने मागे वळून पाहिलं.

"ताई, तुम्ही जाऊ नका हं कुठे. इथेच बसा."

दार लागलं. भिंगरी उभी राहिली. इथेच थांबा म्हणाली असती तर प्रश्न नव्हता. तिने दारापासून खिडकीपर्यंत एक फेरी मारली, दुसरी मारली. चार आईबाप पलीकडच्या खोलीत तिची वाट बघत असतील, तिकडे एक चक्कर टाकून येता आली असती. पण मुलीने सांगितलं होतं. मागे वळून सांगितलं होतं. भिंगरी बाकाच्या कडेला टेकली. मग जरा मागे सरकली. मग पाठ टेकवली.

लाकूड तसंच होतं. आतून यंत्राचा आवाज आला, कुणीतरी पळत गेल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. तिचे पाय म्हणत होते ऊठ. हात पिशवीची कड चाचपत होते. उठून दाराला कान लावावा, काचेतून डोकवावं, कुणाला तरी विचारावं. याच जागी ती किती वेळ शहाण्यासारखी बसली होती आणि त्या शहाणपणाचं काय झालं होतं! घशाला कोरड पडली. पाण्याची टाकी समोरच होती. ती उठली नाही. आत जाणाऱ्या एका सिस्टरने तिला बाकावर बसलेलं पाहिलं आणि काहीतरी भलतंच घडलंय अशा समजुतीने ती पावलं न वाजवता निघून गेली.

बराच वेळ गेला. मग दार उघडलं.

तोंडाला मास्क लावलेली तरुण सिस्टर दारात उभी होती. आता ही म्हणणार, बाई, या आता. तिने डोळे मिटून घेतले.

"भिंगरीताई, ते कापड कुठंय? आजी म्हणतात उकळून बंद करून ठेवलंय. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तसं असेल तर चालेल. आईला ते अंगाला लावून बाळाच्या डोक्याशी ठेवायचंय. मॅडमनं आईचं बोट धरलंय, सोडतच नाहीये. श्वास पण जरा सावरलाय. आणि आई तुम्हाला आत बोलावतेय. एरवी दोघींनाच सोडतो, पण मोठ्या सिस्टर हो म्हणाल्या. लवकर या."

भिंगरीने डोळे उघडले. पिशवी घट्ट धरली आणि ती उठायला गेली, तर पाय हलेनात. दोन्ही पाय बधिर. तिने पुन्हा जोर केला आणि पुन्हा बाकावर बसली.

"काय झालं, ताई?"

"मुंग्या आल्यात गं पायाला."

"तुमच्या? पायाला?" सिस्टरला मास्कच्या आड हसू आवरेना.

भिंगरीही हसली. डोळे भरून आले होते, ते तिने पुसले नाहीत. तिने हात पुढे केला.

"ओढ मला," ती म्हणाली. "आणि तिला आधी सांग, मी इथेच बसले होते."